बॉक्सवर ३५-४३, आत भलतंच! सायकलच्या ट्यूबमध्ये मी कशी गंडले

आधीच सांगते, चूक थोडी माझीपण आहे. चार वर्षं रोज सायकल चालवतेय आणि आपल्या टायरच्या बाजूला काय आकडे लिहिलेत ते मी कधी वाकून वाचलंच नव्हतं. कोणी विचारलं तर "मोठ्या चाकाची आहे, अठ्ठावीसची बहुतेक" एवढंच सांगता यायचं. असं गिऱ्हाईक समोर आलं की काही जणांना लॉटरी लागल्यासारखं होत असणार.

तर झालं असं की मागच्या चाकाची ट्यूब जुनी झालेली, पाच-सहा पॅच मारलेले, म्हटलं आता नवीनच टाकूया. दुकानदाराने चाकाकडे एक नजर टाकली, आत गेला आणि बॉक्स घेऊन आला. बॉक्सवर स्टिकर, ७०० x ३५-४३सी (३५ ते ४३ मिलिमीटर रुंद टायरसाठी, हे मला नंतर कळलं). "मॅडम ही लाइटवेट ट्यूब आहे, रेसिंगवाले हीच वापरतात, थोडी महाग पडेल पण सायकल कशी पळते बघा." बसवताना बघते तर व्हॉल्व्ह वेगळाच, बारीक, लांब, टोकाला एवढुसा फिरवायचा नट. माझ्या जुन्या ट्यूबचा जाडजूड होता, मोटारच्या चाकाला असतो तसा. विचारलं तर म्हणे "हा नवीन टाइपचा आहे, याच्यातून हवा कमी जाते". मी मान डोलावली. माझा पंप त्याला बसेना म्हणून वर एक छोटं अडॅप्टर पण घ्यायला लावलं, तेही घेतलं.

नवव्या दिवशी चाक बसलं. ढकलत नेली, पॅच मारला, पैसे दिले. पुढच्याच आठवड्यात परत. यावेळी त्याने टायर हातात घेतला, आतून बोट फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला "ताई, ट्यूबचा दोष नाही, तुमचा टायरच संपलाय, याच्यावर ट्यूब टिकणारच नाही". (मॅडमची ताई झाले होते तोवर.) टायर मला तरी बरा दिसत होता, नक्षी होती, फक्त एका बाजूला निळ्या ऑइलपेंटचा ओघळ होता, गेट रंगवलं तेव्हा सायकल टेकवून ठेवलेली त्याचा. पण मी कोण सांगणारी? नवा टायर घेतला. जुना तिथेच राहिला, "भंगारात टाकतो" म्हणाला.

नव्या टायरवर पाच दिवस गेले.

तिसऱ्यांदा त्याने एक बाटली काढली, ट्यूबमध्ये भरायचं लिक्विड, "हे टाकलं की पंक्चर हा विषयच बंद". टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक जमिनीला टेकलेलं आणि व्हॉल्व्हच्या बाजूने ते हिरवट पाणी रिममधून ठिबकत होतं. तेव्हा मात्र डोकं फिरलं आणि ठरवलं की आता काय ते आपणच उघडून बघायचं.

मागचं चाक कसं काढलं ते विचारू नका. हात काळे, चेन दोनदा पडली, पण निघालं. ट्यूब बाहेर काढून बादलीत धरली तर पॅचच्या जागी बुडबुडे नाहीतच, बुडबुडे येतायत व्हॉल्व्ह जिथे ट्यूबला चिकटतो त्या बुडाशी. नीट बघितलं, तिथे रबर नखाच्या आकारात फाटलं होतं, अर्धगोल. मग रिमचं भोक बघितलं, त्याच्यात तो व्हॉल्व्ह घातला तर चक्क डुगडुगतोय, इकडून तिकडे.

तर त्याचं असं आहे की त्या बारीक व्हॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात आणि तो साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरच्या भोकासाठी असतो. माझ्या जुन्या जाड व्हॉल्व्हला म्हणतात श्रेडर आणि त्याचं भोक आठ मिलिमीटरचं. दीड-दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला काहीच नाही, पण मागच्या चाकावर आपलं वजन आणि पेडलचा जोर दोन्ही येतं, टायर रिमवर किंचित सरकत राहतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह त्या भोकात डुलत बसतो. भोकाची कड बुडाच्या रबराला घासते, घासते आणि एक दिवस कापते. प्रेस्टा मोठ्या भोकात चालतच नाही असं नाही हं, मधली फट भरायला एक छोटीशी रिंग मिळते, ती टाकली असती तर हे झालं नसतं. ती त्याने दिली नाही, पंपाचं अडॅप्टर मात्र आठवणीने विकलं. उलट केस असेल, म्हणजे रिमचं भोक बारीक आणि समोरचा जाड व्हॉल्व्हवाली ट्यूब घेऊन ड्रिल काढायला लागला, तर सायकल उचलून घरी या. अरुंद रिमला भोक मोठं केलं की तिथे ती कमकुवत होते.

आणि ते लिक्विड! ते टायरच्या रस्त्याकडच्या बाजूला काट्याने पडलेलं बारीक भोक बुजवतं. व्हॉल्व्हच्या बुडाशी चीर पडली असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही, उगाच रिमभर घाण होते. त्याला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

अजून एक बघितलं. त्याने मारलेले दोन्ही पॅच कडेने उचकटत आले होते. आधी वाटलं सोल्युशन खराब, पण जुनी ट्यूब शेजारी पसरून ठेवली आणि चक्रावलेच. नवी ट्यूब रुंदीला जुनीच्या जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त. तोपर्यंत तो बॉक्स तिथेच ओल्या फरशीवर पडलेला, भिजून स्टिकरचा एक कोपरा वर आलेला, मी नखाने खरवडला तर खाली छापलेलं ७०० x १८-२५सी. दोन मिनिटं नुसती बघत बसले.

म्हणजे अगदी बारीक टायरच्या रेसिंग सायकलची ट्यूब माझ्या अडतीस मिलिमीटरच्या टायरमध्ये कोंबली होती. कोंबली पण नाही म्हणता येणार, फुगवून फुगवून ताणली होती. पंचवीससाठी बनवलेलं रबर अडतीसपर्यंत फुगवलं तर ते दीडपट ताणलं जातं आणि तेवढंच पातळ होतं, मग बारीक खडासुद्धा काम तमाम करतो, आणि पॅच मारलेला असतो सैल ट्यूबवर, ट्यूब दीडपट ताणली की पॅच काही तेवढा ताणत नाही, तो कडेने सुटणारच. मोठी ट्यूब बारीक टायरमध्ये घातली तरी वांधेच, आत घडी पडते, त्या घडीवरच घासून जाते नाहीतर टायरच्या कडेखाली चिमटते.

हे सगळं कळल्यावर पहिल्यांदा टायरवरचे आकडे वाचले. नवा टायर होता, पण साइज तीच, ३८-६२२. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एवढीच जोडी खरी, बाकी इंचातली नावं म्हणजे नुसता गोंधळ, आणि त्याच गोंधळावर या लोकांचं पोट आहे. एकट्या सव्वीसचं बघा, २६ x १.७५ म्हणजे ५५९ आणि २६ x १ ३/८ म्हणजे ५९०, दोन्ही "सव्वीस"च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणार नाही. विसातसुद्धा ४०६ आणि ४५१. सत्तावीस म्हणजे ६३० आणि साडेसत्तावीस म्हणजे ५८४, हो, साडेसत्तावीसची रिम सत्तावीसपेक्षा लहान, मी तीनदा वाचलं. आणि ७००सी, एकोणतीस आणि हल्लीची बहुतेक अठ्ठावीस ही सगळी ६२२च आहेत.

आता खरं बोलायचं तर ट्यूबला टायरइतकी काटेकोर साइज लागत नाही, रबर आहे, थोडं मागेपुढे चालतं. ६२२ आणि ६३० ला एकच ट्यूब बिनधास्त जाते, टायर मात्र नाही, ६३० चा टायर ६२२ च्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरली की निसटतो. म्हणून ट्यूबवर पण २८-४७ असं, इथून इथपर्यंत, लिहिलेलं असतं आणि आपला टायर त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडला म्हणजे झालं. "चालतं" हा शब्द खरा आहे, फक्त कितीपर्यंत चालतं ते हे लोक सांगत नाहीत.

गेले परत, ट्यूब, बॉक्स, सगळं घेऊन. तो म्हणतो "ताई, ट्यूब रबराची असते, ताणतेच की". मी म्हटलं ताणते ना, मग वर स्टिकर का लावायला लागलं? "वरूनच तसा माल येतो." काउंटरमागे तसल्याच बॉक्सची थप्पी होती, एक उचलला, त्याच्यासमोर नख लावलं, खाली परत १८-२५. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनी माना वाकवून बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. ट्यूब बदलून देतो म्हणाला. म्हटलं ठीक आहे, पण बॉक्स उघडून. ट्यूबवर स्वतःवरच साइज छापलेली असते बहुतेक वेळा, पावडर पुसली की दिसते. पहिली काढली ती बारीकच, पाकिटात ठेवली. दुसरी साइजने बरोबर पण व्हॉल्व्ह परत प्रेस्टा. तिसरी २८/४७-६२२, जाड व्हॉल्व्हवाली, ती घेतली आणि तिथेच माझ्या रिमच्या भोकात व्हॉल्व्ह घालून बघितला, डुलत नाही ना ते. लिक्विड, अडॅप्टर आणि दोन पंक्चरचे पैसे मागितले तर हात वर केले. टायरचं तर नावच काढू नका म्हणाला, तुमचा जुना पार गेलेलाच होता.

चाक घेऊन निघताना बाहेरच्या हुकाकडे सहज लक्ष गेलं. वापरलेले टायर टांगलेले, विकायला. वरून तिसऱ्यावर निळ्या ऑइलपेंटचा ओघळ.