पडदे मोसमाप्रमाणे बदलावेत, की वर्षभर एकच सेट?

नवीन घर लावताना हा प्रश्न येतोच: उन्हाळ्याचे पडदे-अभ्रे वेगळे आणि पावसाळ्याचे वेगळे असा दोन सेटचा व्याप करावा, की एकच चांगला सेट घेऊन वर्षभर निभवावं? आमच्या घरी दोन्ही करून झालंय, म्हणून लिहितो.

एका सेटच्या बाजूने बरंच बोलता येईल. एकदा पैसे घातले की विषय संपला, कपाट अडत नाही आणि कापड जरा भारी घेता येतं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली लागला, त्यामुळे चांगलं सुती कापड आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात लांब शोधावं लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी जाड सुती पडद्याला तोड नाही. तो ओढून घेतला की खोली शांत होते, झोप लागते.

प्रश्न जुलैत येतो. गगनबावड्याइतका पाऊस शहरात पडत नाही, पण झड कोल्हापुरातही सोडत नाही. पश्चिमेची खिडकी दोन बोटं उघडी राहिली तरी पडद्याचा खालचा काठ भिजतो. दुसऱ्या दिवशी वरचं कापड हाताला कोरडं लागतं. दुमडीत मात्र कापडाचे दोन-तीन पदर असतात, ती आतून ओलीच राहते. मग शिलाईच्या दोऱ्याला लागून मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके उमटतात. साध्या धुण्याने ते जात नाहीत, ब्लीच लावलं तर रंग उडतो. कुबट वास तर खोलीत पाऊल टाकताच येतो. कापूर ठेवा नाहीतर धूप घाला, तो हटत नाही. धुवायला काढावा, तर वाळत घालायचा कुठे? बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, पण ही ओली दुमड मला सहन झाली नाही.

हा कापसाचा गुणच आहे. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना कापूस आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्या पावसाळ्यात तर आर्द्रता याच्या बरीच वर असते.

मग वर्षभर पॉलिस्टरच का नको? काहींना चालतं. मला उन्हाळ्यात त्या पडद्यांनी खोली कोंदल्यासारखी वाटते.

दोन सेटची खरी अडचण साठवणीची. ठेवणीतला सुती सेट पावसाळाभर बंद राहतो आणि किंचित ओल राहिली तरी त्यालाही तोच वास लागतो. म्हणून मृग लागायच्या आधी, मेच्या उन्हात तो कडकडीत वाळवायचा, सावलीत गार होऊ द्यायचा, मग जुन्या सुती साडीत बांधून वरच्या फळीवर ठेवायचा. दिवाणच्या पेटीत नको, जमिनीलगत ओल जास्त. बाहेर काढायचा मुहूर्त तर ठरलेलाच आहे. नवरात्राआधी दसरा काढताना घरातली अंथरुणं-पांघरुणं धुतली जातातच. त्यातच पावसाळी पडदे धुऊन निघतात आणि सुती चढतात. वेगळा दिवस मोडावा लागत नाही.

हिवाळ्यासाठी तिसरा सेट मात्र कशाला? आपली थंडी सोलापुरी चादरीत भागते.

दुसऱ्या सेटवर फार खर्च करू नये. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात साधं, पातळ पॉलिस्टर बघा. अस्तर नको. रंग फिका घ्या, कारण त्या दिवसांत घरात आधीच अंधार असतो. लांबी खिडकीच्या चौकटीखाली वीतभर पुरे, फरशीपर्यंत नको.

तुमच्या खिडक्या पूर्वेला असतील आणि वर रुंद सज्जा असेल, तर एका सेटवर बहुधा निभेल. तिथे मी आग्रह करणार नाही. पश्चिमेला तोंड असेल तर मी दोनच सांगेन. सगळ्या घराचा खर्च झेपत नसेल, तर निदान झड येते त्या खोलीपुरता पावसाळी सेट आधी घ्या, बाकीचं पुढच्या वर्षी.