हातानं रंगवलेले चाळीस फलक

मोर्च्यासाठी, निदर्शनांसाठी फलक करून हवे असतील तर नागपुरात कमाल चौकाजवळच्या गल्लीतल्या पेंटरकाकांकडे जा. नाव-नंबर टाकू नका म्हणाले, वय झालंय, झेपेल तेवढंच काम घेतात. चौकात 'बॅनरवाले काका' विचारलं की कुणीही घर दाखवतं. काम ओसरीतच चालतं.

आमची ऑर्डर होती ४ एप्रिलची. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग यांचा स्मृतिदिन. संध्याकाळी संविधान चौकात तासभर फलक घेऊन उभं राहायचं ठरलं होतं. आम्ही म्हणजे सफाई कामगारांच्या घरांत वाढलेली, आता पन्नाशीच्या आसपास आलेली काही माणसं. किंग यांचं नाव निघालं की १९६३ चं ते स्वप्नाचं भाषण सगळ्यांना आठवतं. पण गोळी लागली तेव्हा ते मेम्फिसला कशासाठी गेले होते, हे विचारा. कचरा उचलणाऱ्यांच्या संपासाठी गेले होते. १ फेब्रुवारी १९६८ ला एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसातून आडोशाला कचऱ्याच्या गाडीत मागच्या बाजूला शिरले, दाबयंत्र सुरू झालं आणि दोघंही चिरडून मेले. अकरा दिवसांनी सुमारे १३०० कामगारांनी काम बंद केलं. त्यांच्या हातातल्या फलकांवर एकच वाक्य होतं. मी माणूस आहे.

तेच वाक्य आम्हाला मराठीत हवं होतं. इंग्रजीतल्या 'आय ॲम अ मॅन'मध्ये पुरुष येतो, मराठीत माणूस म्हटलं की माझी आईही येते, म्हणून मला तर ते मराठीतच जास्त पुरतं वाटतं.

आधी एका फ्लेक्सवाल्याकडे गेलो होतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, पाहुण्यांचे फोटो कुठे लावायचे? पाहुणे नाहीत म्हटल्यावर त्याला कामात रस उरला नाही. छापून आलं तेव्हा फॉन्टच्या गोंधळात 'णू' फुटला होता, उकार सुटून भलतीकडेच पडला होता. दाखवलं तर म्हणाला, लांबून कोणाला दिसते? पैसे परत दिले नाहीत. माझ्या आईनं एकतीस वर्षं झाडलोट केली, त्यातली निम्मी वर्षं लोकांनी तिला 'ए झाडूवाली' म्हणूनच हाक मारली. 'माणूस' हा शब्द मोडलेला घेऊन मी तिच्यासमोर कशी जाणार होते?

काकांनी कागद हातात घेतला, वाचला आणि पहिला प्रश्न केला, "ताई, हे कोण म्हणून राहिलं?" मी मेम्फिसचं सांगितलं. मोबाइलवरचा जुना फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. त्या मूळ फलकांवर 'आहे' या अर्थाच्या शब्दाखाली रेघ आहे. इतकी वर्षं तो फोटो बघतेय, मला ती रेघ कधी जाणवली नव्हती. काका म्हणाले, "जोर इथं आहे ना बाप्पा. आपल्यालेही 'आहे'च्या खाली मारा लागते."

मग बॅनर. त्यावर किंग ज्यांच्याविरुद्ध लढले त्या तीन गोष्टी हव्या होत्या : गरिबी, वंशभेद, युद्ध. काकांनी मजकुराचा अंदाज घेत 'गरिबी' मोठ्या अक्षरात धरली, बाकी दोन खाली बारीक. "वंशभेद कोणाले समजते ताई, जात लिहा ना," हेही म्हणाले. अमेरिकेतला रंगावरून होणारा भेद आणि आपली जात एकच नाही, हे मी म्हटलं. पण त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. किंग १९५९ मध्ये भारतात आले तेव्हा तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतला आपला अस्पृश्य बांधव अशी करून दिली होती. आधी आपल्याला धक्का बसला, वाईट वाटलं, मग विचार केला आणि पटलं की हो, मी अस्पृश्यच आहे, असं किंग यांनीच पुढे प्रवचनात सांगितलंय. आम्ही दोन्ही शब्द ठेवले, 'जात-वंशाचा भेद'.

"आणि युद्ध कायले?" हा प्रश्न आमच्या बैठकीतही आला होता. विषय भरकटतो, असं काही जणांचं मत होतं. हेच किंग यांनाही ऐकावं लागलं होतं. ४ एप्रिल १९६७ ला, म्हणजे मृत्यूच्या बरोबर एक वर्ष आधी, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते व्हिएतनाम युद्धाविरुद्ध बोलले. गरिबांसाठी ठेवलेला पैसा युद्ध गिळतंय आणि गरिबांचीच पोरं तिकडे मरायला पाठवली जाताहेत, हा त्यांचा मुद्दा होता. मोठ्या वर्तमानपत्रांनी झोडपलं. चळवळीतल्या जवळच्या लोकांनीही दोन विषय एकत्र करू नका म्हणून सुनावलं. त्यांनी केले. त्यानंतर त्यांनी गरिबांची मोहीम आखली, काळे, गोरे, मेक्सिकन, पोर्टो रिकन, मूळनिवासी अशा सगळ्या गरिबांना राजधानीत न्यायची. ते गेल्यावर त्यांच्या माणसांनी ती पार पाडली. १९६८ च्या मे-जूनमध्ये वॉशिंग्टनच्या मैदानात प्लायवूडच्या झोपड्या टाकून लोक जवळपास सहा आठवडे राहिले, पावसात, चिखलात. २४ जूनला पोलिसांनी ती वस्ती उठवली.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे हे तीन मोर्चे नोहोय. एकच होय." आणि मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा खोडून काढल्या. तिन्ही शब्द एका ओळीत, सारख्या उंचीचे घेतले. आमच्या बैठकीत तासभर वाद घालून जे ठरत नव्हतं ते त्यांनी पट्टी ठेवून ठरवलं.

काम चालू असताना मी तीन संध्याकाळ तिथे बसले. सुतळीला खडू घासून दोन टोकं ताणून धरायची आणि मधून टिचकी मारून सोडायची, की कापडावर सरळ पांढरी रेघ उठते. त्या रेघेखाली आधी अक्षरं लोंबतात, शिरोरेघ शेवटी. चपटा ब्रश टेकवला की शब्द संपेपर्यंत काका श्वास सोडत नाहीत. 'आहे'वर शिरोरेघ ओढली, मग तेवढ्याच जाडीची रेघ खाली. दोन रेघांच्या मध्ये तो शब्द असा घट्ट बसला की काका मागे सरून बराच वेळ नुसते बघत राहिले.

तेव्हाच त्यांनी सांगितलं की २३ नोव्हेंबर १९९४ च्या गोवारी मोर्च्याचे काही फलक त्यांनी रंगवले होते. नागपूरकरांना सांगायला नको. अधिवेशन चालू होतं, आदिवासी म्हणून मान्यता मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या लोकांत चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले, बहुतेक बाया आणि लेकरं. "दुसऱ्या दिवशी गेलतो पाहाले. चपला पडल्या होत्या नुसत्या." त्यापुढे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. झिरो माईलजवळच्या गोवारी स्मारकापाशी आम्ही ४ तारखेला आधी जाऊन आलो, ते काकांमुळे. आमच्या कार्यक्रमात ते नव्हतं, आणि असायला हवं होतं.

आता तक्रारी. काम एक दिवस उशिरा मिळालं. लाल रंग पुरता वाळला नव्हता, सहा फलक एकमेकांना चिकटले, सोडवताना दोन फलकांची अक्षरं उपटली. काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन दुरुस्त करून दिली, पैसे घेतले नाहीत. काठ्या बारीक आहेत, वाऱ्यात दोन मोडल्या. जाडी काठी आधीच सांगून घ्या. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात.

दर आम्हाला पडला फलकाला ९० रुपये, काठीसकट. बारा फुटी बॅनरचे १,२००, कापड मांजरपाट. फ्लेक्सपेक्षा महाग आहे. पण कापड धुऊन, घडी घालून ठेवता येतं, पुढच्या वर्षी पुन्हा चालतं.

चौकात आम्ही चौतीस जण उभे राहिलो. ऊन उतरलं तरी रस्ता तापलेलाच होता. आईचं वय ७४, तिला खुर्ची आणली होती, ती बसली नाही. सिग्नलला थांबलेल्या कचऱ्याच्या गाडीतल्या पोरानं फलक वाचला, मग तिच्याकडे पाहून हात वर केला. तिनं फलक तसाच्या तसा थोडा उंच धरला.

ऑर्डर देणार असाल तर किमान आठ दिवस आधी द्या. १४ एप्रिलच्या तोंडावर तर पंधरा, तेव्हा जयंतीच्या कामानं ओसरीत पाय ठेवायला जागा नसते. मजकूर कागदावर स्वच्छ लिहून न्या, आणि तो का लिहिलाय हे सांगायची तयारी ठेवून जा. ते विचारतातच. आमचे एकोणचाळीस फलक गठ्ठा बांधून माझ्याकडे आहेत, कुणाला लागले तर घेऊन जा. चाळिसावा आईनं दिला नाही, तो तिच्या दाराआड उभा आहे.