आधी जग की आधी प्रसंग?

फँटसी लिहिणारा विद्यार्थी बहुधा आधी जग रचतो: नकाशा, वंशावळ, जादूचे 40 नियम. वही भरते, पटकथा पाचव्या पानावर अडते. कारण नियम सांगायला पात्रं भाषणं ठोकू लागतात. मालिकेला अशी वही लागतेच. पण 15 मिनिटांच्या, म्हणजे साधारण 15 पानांच्या लघुपटाला तिचं ओझं पेलत नाही.

दुसरी वाट प्रसंगाची. कोकणात वेताळाला नव्या वहाणा वाहतात. रात्रीच्या फेरीत जुन्या झिजतात, अशी श्रद्धा. आता चांभाराने एक जोड मुद्दाम कच्च्या टाक्यांचा शिवला तर? नियम, भीती, किंमत, सगळं एका सुईच्या टोकावर, तेही संवादाविना. गोची एवढीच, की शेवटाकडे सोयीची नवी जादू उगवते. म्हणून पहिला खर्डा झाला की वापरलेले नियम एका पानावर उतरवायचे आणि पहिल्या तीन पानांत मागे जाऊन पेरायचे.