जहाज पाण्यात सोडायचं कसं: रबरी फुगे की शिपलिफ्ट?

सुकी गोदी (पाणी आत-बाहेर करता येणारा बांधीव हौद) नसली तरी जहाजाचं जलावतरण अडत नाही. फुग्यांची पद्धत चीनमधली, 1981 मध्ये तिथे एक छोटा बार्ज (माल वाहणारा तराफ्यासारखा पडाव) असा उतरवला गेला. उतारावर जहाजाच्या तळाखाली लांबट रबरी फुगे आडवे सरकवतात आणि त्यांत हवा भरतात. मग जहाज ज्यांवर टेकलेलं असतं ते ठोकळे काढले की सगळा भार फुग्यांवर येतो. विंचला, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राला, बांधलेला पोलादी दोर सोडला की फुगे लाटण्यासारखे फिरतात आणि जहाज घरंगळत पाण्यात शिरतं. खर्च कमी, पक्कं बांधकाम फारसं नको. सपाट तळाच्या बार्जला तर हे झकासच. पण खरी धाकधूक शेवटच्या क्षणी असते: मागचा भाग तरंगून उचलला जातो आणि पुढच्या मोजक्या फुग्यांवर दाब एकवटतो. तिथे फुगा फुटला तर तळाला पोचा आलाच म्हणून समजा. शिवाय एकदा दोर सुटला की थांबवणं नाही.

शिपलिफ्टमध्ये असला थरार नाही. जहाज रुळांवरच्या गाड्यांवरून पाण्यात खाली-वर होणाऱ्या फलाटावर आणतात. दोन्ही बाजूंच्या विंच एकाच गतीने फलाट खाली सोडतात आणि जहाज अलगद तरंगतं. वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये अशी सोय आहे. खर्च भरमसाठ, क्षमतेपलीकडचं वजन चालत नाही. पण तीच लिफ्ट दुरुस्तीसाठी जहाज वरही घेते. फुग्यांवरूनही जहाज वर ओढून घेता येतं, फक्त घाम फुटतो. वर्षाला दोन-चार बार्ज बांधणाऱ्याने फुगेच घ्यावेत. नाजूक सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) बसवलेली गस्तनौका मात्र मी तरी फुग्यांवर सोडणार नाही.