वाचकाच्या मागणीवर ई-पुस्तक खरेदी: कोल्हापूरच्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी घ्यावी का?

ई-पुस्तकांचे पुरवठादार ‘वाचलं तरच पैसे’ असं सांगून ही सेवा ग्रंथालयांना विकतात. ते खरंही आहे. मात्र ‘वाचलं’ कशाला म्हणायचं, हे करारात लिहिलेलं असतं आणि सगळा खर्च त्यावर ठरतो.

आधी ग्रंथालयानं विषय, प्रकाशनवर्ष, भाषा आणि कमाल किंमत कळवायची. त्या चौकटीत बसणाऱ्या हजारो पुस्तकांच्या मार्क नोंदी (ठरावीक संगणकीय साच्यातल्या नोंदी) ऑपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत, चढतात आणि विद्यार्थ्याला ती पुस्तकं ग्रंथालयाचीच वाटतात. अनुक्रमणिका चाळली तर सहसा पैसे लागत नाहीत. ठरलेल्या मिनिटांपेक्षा किंवा पानांपेक्षा जास्त वाचलं, कॉपी केली, प्रिंट घेतली किंवा डाउनलोड केलं, की ग्रंथालयानं आधी भरलेल्या अनामत रकमेतून पैसे वळते होतात. ही मर्यादा प्रत्येक सेवेत वेगळी असते, म्हणून ती लेखी घ्या.

वाचलं तरच खरेदी, यामागचं कारण पटण्यासारखं आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असं आढळलं, की १९६९मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळपास ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही देवघेवीत गेली नव्हती. आपल्याकडची कपाटंही फारसं वेगळं सांगणार नाहीत.

खरी मेख भाड्यात आहे. बऱ्याच सेवा पहिले काही वापर अल्पमुदतीच्या भाड्यावर देतात आणि त्यानंतर पुस्तक आपोआप खरेदी होतं. समजा, किंमत १०० डॉलर, भाडं १५ टक्के आणि चौथ्या वापराला खरेदी. तीन भाड्यांचे ४५ आणि खरेदीचे १००, असे १४५ डॉलर गेले. भाडं सहसा किमतीतून वजा होत नाही. २०१४मध्ये अनेक प्रकाशकांनी भाड्याचे दर एकदम वाढवले, तेव्हा परदेशातल्या मोठ्या ग्रंथालयांचीही अंदाजपत्रकं कोलमडली. म्हणून ठरावीक किमतीच्या वर खरेदी आपोआप न होता ग्रंथपालाच्या मंजुरीनं व्हावी, ही अट सुरुवातीलाच घाला.

विषय निवडताना हात आखडता हवा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींमुळे इथल्या अभियांत्रिकी शाखांना ओतकाम आणि धातुशास्त्रावरचे महागडे संदर्भग्रंथ अधूनमधून लागतात. अशा ग्रंथांसाठी ही पद्धत उत्तम: चार पानं लागतात, तर पूर्ण किमतीऐवजी एका वापराचं भाडं जातं. क्रमिक पुस्तकांसाठी मात्र ती घेऊ नका. त्यांचा संस्थात्मक ई-परवाना बहुधा मिळतच नाही. मिळाला तर डॉलरमध्ये, आणि तेच पुस्तक भारतीय आवृत्तीत काही शे रुपयांना दुकानात असतं. स्वस्त भारतीय आवृत्ती असलेली शीर्षकं यादीतून आधीच काढा. एन-लिस्टमधून, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या राष्ट्रीय ई-साहित्य योजनेतून, मिळणारी पुस्तकंही वगळा. ही छाननी करताना छापील आणि ई-आवृत्तीचे आयएसबीएन (पुस्तकाचे आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) वेगळे असतात हे ध्यानात ठेवा. फक्त आयएसबीएन जुळवून पाहिलात तर दुबार खरेदी होणारच.

कोहा या ग्रंथालय-संगणकप्रणालीत नोंदी चढवताना प्रत्येक नोंदीत एक ठरावीक खूण टाका. योजना थांबवली किंवा प्रकाशकानं पुस्तक मागे घेतलं, की त्या खुणेवरून खरेदी न झालेल्या पुस्तकांच्या नोंदी एकगठ्ठा काढता येतात. खूण नसेल तर मेलेल्या लिंका वर्षानुवर्षं ऑपॅकमध्ये राहतात, आणि विद्यार्थ्याचा विश्वास उडतो तो अशाच लिंकांवरून.

हिशेबाचा प्रश्न आपल्याकडे जास्त टोचतो. अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्ची पडायला हवं. अनामत भरून ठेवली आणि वाचकांनी ती वापरली नाही, तर लेखापरीक्षक आक्षेप काढतात. त्यात भाड्यानं घेतलेल्या पुस्तकाला दाखलांक (ग्रंथालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) देता येत नाही. भाडं आणि खरेदी यांची बिलं वेगळी मागा, भाडं सेवाशुल्काच्या शीर्षाखाली दाखवा आणि योजना जूनमध्ये सुरू करून जानेवारीअखेर थांबवा.

आणखी एक धोका पुरवठादाराच्या धोरणाचा. ईबुक सेंट्रल हा ई-पुस्तकांचा मंच चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनं फेब्रुवारी २०२५मध्ये ई-पुस्तकांची एकरकमी कायमची विक्री टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचं जाहीर केलं. ग्रंथपालांचा विरोध झाल्यावर मुदत ३० जून २०२६पर्यंत वाढवली. तेव्हा खरेदी झालेलं पुस्तक करार संपल्यावरही उघडेल का, हे कुठल्याही पुरवठादाराकडून लिहून घ्या.

पदव्युत्तर विभाग आणि संशोधन केंद्र असलेल्या ग्रंथालयानं लहान रकमेवर, दोन-तीन विषयांपुरती ही सेवा जरूर घ्यावी. केवळ पदवी वर्ग असतील तर नको.

मराठीची बाजू तर पूर्ण लंगडी आहे. राजर्षी शाहूंचा काळ, करवीर संस्थानाचा इतिहास, ग्रामीण साहित्य यांवरची मराठी पुस्तकं या परदेशी याद्यांत शोधून सापडत नाहीत. तिथं छापील पुस्तकांसाठी वाचकांचं मागणीपत्रच चालवावं, पण नेमानं: मागणी आली की आधी ऑपॅक पाहायचं, मग शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात प्रत आहे का ते विचारायचं, ठरावीक रकमेच्या आतलं पुस्तक समितीच्या बैठकीची वाट न पाहता मागवायचं आणि आल्यावर पहिली देवघेव मागणी करणाऱ्याच्याच नावावर करायची. पुस्तक आठवड्यात मिळणार नसेल, तर तेही त्याला त्याच आठवड्यात कळवायचं.