कुत्र्यासाठी फ्रीझ-ड्राय फळं: पाकीट हलकं, साखर तेवढीच

फ्रीझ-ड्राय फळांचं पाकीट उचललं की आत काही आहे की नाही अशी शंका येते. हा प्रकार चांगला का आहे आणि फसवा कुठे आहे, या दोन्हींचं उत्तर त्या हलकेपणातच आहे.

फळ आधी गोठवतात, मग निर्वात कक्षात ठेवून त्यातल्या बर्फाची थेट वाफ करतात. पाणी निघून जातं. साखर, तंतू आणि खनिजं जागच्या जागी राहतात. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून १०० ग्रॅम ताज्या फळाचे जेमतेम १० ग्रॅम तुकडे उरतात. सफरचंदाचे साधारण १५, केळ्याचे २५. 'फक्त फळ, दुसरं काही नाही' हे पाकिटावरचं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. पण १० ग्रॅम सुकं केळं म्हणजे ४० ग्रॅम ताजं केळं, हे सहसा कोणी छापत नाही.

वजन आटोक्यात असलेल्या, नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अंदाजे ६०० ते ६५० किलोकॅलरी पुरतात. जेवणाबाहेरचा सगळा खाऊ मिळून त्याच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे ६० किलोकॅलरी. यात बिस्किटं आणि चघळायच्या काड्याही आल्या, त्यामुळे फळाच्या वाट्याला निम्मंच धरलेलं बरं. त्या ३० किलोकॅलरीत ताजं सफरचंद ५० ते ६० ग्रॅम बसतं, फ्रीझ-ड्राय सफरचंद मात्र ८ ग्रॅमच. मुठीने मोजलं तर हमखास जास्त जातं. एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ८ ग्रॅम तोलून किती तुकडे भरतात ते पाहून ठेवावं. ३ किलोच्या कुत्र्याला एवढं देऊन चालत नाही, तिथे ३ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये.

प्रशिक्षणासाठी मात्र या तुकड्यांना तोड नाही. हात चिकट होत नाहीत, खिशात डाग पडत नाहीत, आणि एक तुकडा बोटांनी चुरडला की त्याचे चार-पाच होतात. केळं आणि स्ट्रॉबेरी सर्वांत सोयीची. ब्लूबेरीचं साल वाफेला अडवतं, म्हणून अख्ख्या दाण्यांचा गाभा कधीकधी दमट राहतो. अर्धे कापून सुकवलेले दाणे घ्यावेत. आंबा उघड्यावर राहिला की हवेतली ओल ओढून चिकट होतो. कलिंगड या रूपात घेण्यात काहीच अर्थ नाही. त्यातली मजा पाण्याची, आणि तेच काढून टाकलेलं असतं.

तक्रार आहे ती तळाशी साठणाऱ्या भुकटीची. ती थेट भांड्यात ओतली तर कुत्रा हुंगताना नाकात ओढतो आणि खोकतो. ती पाण्यात कालवून जेवणावर घालावी. न चावता गिळणाऱ्या कुत्र्यांसाठी मोठे तुकडेही कोरडे नकोत: ते टाळूला चिकटतात, घशाशी ओलावा धरून फुगतात. स्ट्रॉबेरीच्या तुकड्यांना वजनाच्या आठपट कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं की ते मऊ होतात. शेजारी पाण्याचं भांडं भरलेलं असावंच.

पाकिटातली छोटी पुडी उघडल्याबरोबर काढून टाका. सिलिका जेल असेल तर सहसा मोठा धोका नसतो, पण ऑक्सिजन शोषणाऱ्या पुडीत लोहाची भुकटी असते. ती पोटात गेली तर लोहाची विषबाधा होऊ शकते.

जवळच्या पर्यायांत उन्हात किंवा उष्णतेने सुकवलेल्या चकत्या जास्त चिवट असतात आणि दातांना चिकटतात. माणसांसाठीचे केळ्याचे चिप्स बहुधा तळलेले असतात, त्यांना फळ म्हणून धरूच नये. पिवळेधमक सुके जर्दाळू अनेकदा सल्फाइट घालून टिकवलेले असतात. सल्फाइट अन्नातलं थायमिन (ब१ जीवनसत्त्व) नष्ट करतं. प्युरीचे पाउच चाटायच्या चटईवर पसरायला छान, पण घटकांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचंच दुसरं नाव 'बर्च साखर' दिसली तर पाकीट तिथेच खाली ठेवा. कुत्र्याच्या वजनाच्या किलोमागे ०.१ ग्रॅम झायलिटॉलसुद्धा त्याची रक्तशर्करा धोकादायकरीत्या खाली आणू शकतं.

मिश्र फळांच्या पाकिटांना आमचा स्पष्ट नकार. माणसांच्या मिश्रणात मनुका, बेदाणे किंवा कुत्र्याला न चालणारा मॅकाडेमिया हा सुकामेवा असू शकतो. द्राक्षं, मग ती ताजी असोत वा सुकी, मूत्रपिंड निकामी करू शकतात. २०२१ पासून संशय द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लावर आहे, म्हणून तेच आम्ल असलेली चिंचही त्याच यादीत धरायची. किती खाल्ल्यावर त्रास होतो हे कुत्र्यागणिक बदलतं, त्यामुळे 'दोनच तर मनुका' हा युक्तिवाद चालत नाही. उलटी सहसा पहिल्या २४ तासांत होते, मूत्रपिंडाचा त्रास एक ते तीन दिवसांत दिसतो. उलटीची वाट न पाहता व्हेटला फोन करावा आणि पाकीट सोबत न्यावं. घरी मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नये, मिठाचीच बाधा होते.

मग हे विकत घ्यावं का? फिरायला जाताना, प्रवासात किंवा प्रशिक्षणात वापरायचं असेल तर एकाच फळाचं, साखर न घातलेलं, लहानात लहान पाकीट घ्या. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात ठेवायचं आणि तुकडे लवचिक झाले की समजायचं की ओल शिरली. घरी भांड्यात घालण्यापुरतं असेल तर ताजं सफरचंदच सरस: बिया, गाभा आणि देठ काढून एक सेंटिमीटरचे तुकडे करायचे, लहान जातींसाठी त्याचे निम्मे. 'क जीवनसत्त्वासाठी' म्हणून यातलं काहीही घेऊ नका, कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. मधुमेह, स्वादुपिंडाचा दाह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर व्हेटने प्रमाण सांगितल्याशिवाय हे पाकीट नकोच. केळं आधी वगळावं: त्यात साखरही जास्त आणि पोटॅशियमही, आणि सुकल्यावर दोन्ही चौपट दाट.