जावईबापू झोळीत: हॅमॉकच्या नऊ महिन्यांच्या वापराचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी साडेचार हजार रुपयांना एक हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगून त्यात झोपायचे कापड, घेतला आणि जूनअखेरपर्यंतच्या नऊ महिन्यांत त्यात एकूण 23 रात्री झोपलो. कापड, पट्टे आणि जाळी यांविषयी जे सांगायचे ते ओघात येईलच. परंतु या वस्तूसाठी लागणारे निम्मे कष्ट घरच्यांना आणि मित्रांना समजावण्यात जातात, हे घेण्यापूर्वी मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून येथे त्यालाच अधिक जागा देत आहे.

तंबूत झोपणाऱ्याला नाशिकमध्ये आता कोणी काही विचारत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला किंवा भंडारदऱ्याला तंबूत राहणे ही सहलच मानली जाते. हॅमॉकचे तसे नाही. तो लोकांना फार ओळखीचा वाटतो आणि घोटाळा तिथेच होतो. पिशवीतून निघालेले कापड पाहताच आई म्हणाली, "अरे, ही तर झोळी!" आपल्याकडे झोळीत एक तर तान्हे बाळ असते, नाही तर भिक्षा, सदतीस वर्षांचा नोकरदार मुलगा या दोहोंत कुठेच बसत नाही. वडिलांनी फक्त किंमत विचारली आणि ती ऐकून वर्तमानपत्र पुन्हा उघडले. शेजारच्या काकूंनी मात्र माझ्या पत्नीला जिन्यात एकटीला गाठून, घरात सगळे ठीक आहे ना, अशी चौकशी केली, कारण संसारी माणूस रात्र बाहेर काढतो तो भांडणामुळेच, अशी त्यांची पक्की समजूत होती.

मित्रांनी माझे नाव वेताळ ठेवले. झाडाला लोंबकळणाऱ्याला दुसरे काय म्हणणार, त्यामुळे मी ते मुकाट्याने स्वीकारले. पाठीची काळजीही सर्वांना होतीच. अंजनेरीच्या पायथ्याशी मामांच्या शेतावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझी पाठ वाकू नये म्हणून तिघांनी मिळून हॅमॉक तारेसारखा ताठ ओढून बांधला. त्यात मी केळ्यासारखा दुमडलो आणि कुशीवर वळताच बाहेर पडता पडता वाचलो. अंबडच्या कारखान्यात काम करणाऱ्या आमच्या मित्राने मग जमिनीवर काडीने आकृती काढून हिशेब मांडला: दोरी आडव्या रेषेशी 30 अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो, आणि कोन 10 अंशांवर आणला, तर तोच ताण जवळजवळ तिप्पट होतो. माझ्या 72 किलोंचे त्या रात्री प्रत्येक झाडावर दोनशेहून अधिक किलो होत होते. हॅमॉक सैल, हसऱ्या ओठांसारखा बांधावा आणि त्यात मधल्या रेषेला तिरके निजावे, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते. हे कळल्यावर पाठीची तक्रार संपली. वेताळ हे नाव मात्र टिकले.

मामांचा राग वेगळ्या कारणासाठी होता आणि तो रास्त होता. हॅमॉकसोबत आलेली बारीक दोरी त्यांच्या केशर आंब्याच्या सालीत रुतली होती. "भाचेबुवा, तुम्ही झोपा खुशाल, पण माझ्या झाडाला फास लावू नका," असे त्यांनी सकाळी चहा देताना सांगितले. पुढच्याच आठवड्यात मी मेन रोडवरून दोन इंच रुंदीचे पॉलिएस्टरचे पट्टे आणले. नायलॉनचा पट्टा वजनाखाली ताणत जातो आणि पहाटेपर्यंत माणूस जमिनीशी येतो, म्हणून तो घेऊ नये. आजीने तेवढे एक बजावले होते, की पिंपळाला बांधायचे नाही, तिथे मुंजा असतो. ते मी विनातक्रार पाळतो, कारण आजीशी वाद घालण्यापेक्षा दुसरे झाड शोधणे सोपे आहे.

डिसेंबरात खरी परीक्षा झाली. हवेत टांगलेल्या माणसाला थंडी खालून लागते. झोपायच्या पिशवीतले भरण अंगाखाली दबते आणि दबलेले भरण ऊब देत नाही. हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची रजई मिळते, पण तिची किंमत हॅमॉकहून अधिक होती. दोन रात्री कुडकुडून घरी आल्यावर, झोळीला नावे ठेवणाऱ्या आईनेच जुन्या गोधडीच्या चार कोपऱ्यांना इलास्टिक शिवून दिले. ती गोधडी खालून टांगल्यापासून पाठ गार पडलेली नाही. मात्र ती इतकी जड आहे की पाठीवर घेऊन हरिहर किल्ला चढण्याचा विचारही करू नये.

वस्तूतील दोष थोडक्यात सांगतो. डासांच्या जाळीची चेन चौथ्या महिन्यात तुटली आणि विक्रेत्याने तीन निरोपांपैकी एकालाही उत्तर दिले नाही. कापड मात्र उत्तम आहे. इगतपुरीच्या पावसात मी हॅमॉक अजून नेलेला नाही, त्यामुळे वरच्या ताडपत्रीविषयी मत देत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण सासुरवाडीचे ठरले. दिंडोरी तालुक्यात त्यांची द्राक्षबाग आहे आणि घराशेजारी विहिरीलगत दोन चांगले आंबे आहेत. संक्रांतीनंतर गेलो असता मी त्यांच्यामध्ये हॅमॉक बांधू लागलो, तेव्हा सासरे प्रथम बिबट्याविषयी बोलले. त्या भागात बिबट्याचा वावर खरोखरच आहे, म्हणून मी विहिरीकडचा हट्ट सोडून ओसरीच्या खांबापासून अंगणातल्या कडुलिंबापर्यंत, दिव्याच्या उजेडात बांधायचे कबूल केले. तरीही त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. शेवटी ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला गंमत वाटते, पण रस्त्याने जाणारा काय म्हणेल? यांनी जावयाला खाटसुद्धा दिली नाही." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सासूबाईंनी तोडगा काढला: हॅमॉकशेजारी बाज टाकायची, तिच्यावर नवी गादी, धुतलेली चादर आणि उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा, म्हणजे पाहुणचारात कसूर झाली नाही हे कोणालाही दुरून दिसेल.

तेव्हापासून मी तिथे चार वेळा झोपलो आहे. दर वेळी सासरे स्वतः बाज बाहेर काढून ती रस्त्यावरून नीट दिसते ना हे पाहून घेतात, आणि सकाळी गादीला एक सुरकुतीही पडलेली नसताना ती उचलून आत ठेवतात.